विक्री म्हणजे एफ-८

दुकानाची पाटी दहा-बारा वर्षांनी नवी होते. वजनकाटा इलेक्ट्रॉनिक झाला, गल्ल्याशेजारी क्यूआर कोडची फळी उभी राहिली. आतल्या टेबलावरचा संगणक मात्र तोच असतो. धूळ बसलेली काळी पेटी, टकटक वाजणारा कळफलक आणि बाजूला करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पाटसच्या पेठेत खते-बियाणे, किराणा किंवा लोखंड-सिमेंटचा व्यवहार असलेल्या घरांना हे चित्र परिचयाचे आहे. पुण्यास शिकणारा मुलगा सुटीत घरी येतो, आपला रुपेरी, पातळ मॅकबुक उघडतो आणि विचारतो, ‘‘पप्पा, हे डबडं अजून किती दिवस?’’ पप्पांचे उत्तर ठरलेले असते, ‘‘चालतंय ना? मग?’’

तरुण मंडळी यास हट्ट म्हणतात. आमच्या मते त्यात हट्ट थोडा आणि हिशेब अधिक आहे. मात्र त्या हिशेबात एक रक्कम नावे टाकायची राहून गेली आहे. तिच्याविषयी पुढे येईलच.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की व्यापाऱ्याचा जीव पेटीत नसतो, टॅलीत असतो. या टॅलीचा जन्मही एका पेढीतलाच. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. आपल्या व्यवहारास साजेसे हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरतला, त्यांनी ते लिहावयास सांगितले. त्यातून १९८६ साली कंपनी उभी राहिली. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. लेकाने वडिलांच्या वहीची रीत समजून घेऊन यंत्राला ती शिकवली, हे या कथेतले आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. उलट दिशेने, म्हणजे यंत्राची रीत वडिलांना शिकवण्याचा उद्योग आज घरोघरी चालतो आणि बहुधा फसतो.

प्रारंभी टॅली डॉसवर चालत असे, पुढे विंडोजवर आली. पडद्याचे रंग बदलले, नाव बदलले, कर बदलले. कळा मात्र वर्षानुवर्षे त्याच राहिल्या. एफ-५ म्हणजे दिलेली रक्कम, एफ-६ म्हणजे आलेली, एफ-८ म्हणजे विक्री, एफ-९ म्हणजे खरेदी. वीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींना या कळा ‘आठवाव्या’ लागत नाहीत. समोर ट्रॅक्टर उभा आहे, शेतकरी युरियाच्या गोण्या मोजून घेत आहे, मागे आणखी दोघे ताटकळले आहेत. अशा वेळी डोळे गिऱ्हाइकाकडे असतात, डावा हात वरच्या रांगेत आणि उजवा हात अंकांच्या चौकोनावर असतो. आता हेच काम मुलाच्या मॅकबुकवर करून पाहावे. अंकांचा चौकोन तेथे नाहीच. वरच्या रांगेतल्या कळा मूळच्या ठेवणीत उजेड आणि आवाज कमीजास्त करतात. एफ-८ दाबावी तर बिल निघण्याऐवजी गाणे सुरू होते! ही मांडणी बदलता येते हे खरे, परंतु टॅली मुळात मॅकवर थेट चालत नाही. तिला विंडोजचा आधार कोठून तरी आणावाच लागतो. असा द्राविडी प्राणायाम भर हंगामात कोण करील?

प्रिंटरचेही तसेच. जीएसटीच्या नियमानुसार मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात. एक घेणाऱ्याची, एक गाडीबरोबर जाणारी आणि एक आपली. डॉट मॅट्रिक्सच्या सुया फितीवरून कागदावर ठोके देतात, त्यामुळे एकाखाली एक ठेवलेल्या तिन्ही कागदांवर अक्षर एकदमच उमटते. लेझर प्रिंटर कितीही देखणा असला तरी तो ठोका देत नाही. तीन प्रतींसाठी तीनदा छापतो. करकर कानांना त्रास देते, पण तिच्यात एका फेरीत काम संपते.

ही निष्ठा केवळ पेढीपुरती नाही. लग्नपत्रिका छापून घ्यावयास ज्या छापखान्यात आपण जातो, तेथील जुळणी करणाऱ्यास विचारावे. पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली, त्यानंतर ते वाढलेच नाही. तरीही मराठी जुळणीच्या कितीतरी टेबलांवर ते पुढे वर्षानुवर्षे नांदले, कारण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीच्या अक्षरांवर आणि तिच्या कळांवर हात बसलेला होता. जुन्या अक्षरांत जुळवलेला मजकूर भलत्या संगणकावर उघडला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. शेकडो पत्रिकांचे साचे ज्या पेटीत आहेत, ती पेटी कोण टाकून देईल? गंमत अशी की हे पेजमेकर १९८५ साली प्रथम आले ते मॅकिंटॉशवर. आज मॅकवाल्यांना त्याची आठवणही नसेल.

मॅकवाल्यांच्या निष्ठेची कथा तर अधिकच विलक्षण आहे. १९८४ साली आलेल्या या संगणकाचा आतला मेंदू १९९४ साली बदलला, २००६ साली पुन्हा बदलला आणि २०२० पासून तिसऱ्यांदा बदलला. १९९७ साली अ‍ॅपल कंपनी इतकी अडचणीत होती की प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले. भक्तगण मात्र हलले नाहीत. आतले सारे बदलूनही ते ज्याला धरून राहिले, ते होते पडद्यावरच्या यादीचे स्थान, खिडक्या उघडण्या-मिटण्याची रीत, हाताला लागलेले वळण. म्हणजे पाटसचे मुनीमजी आणि त्यांना हसणारा पुण्याचा मुलगा हे दोघे एकाच पंथाचे. देवळे तेवढी निराळी.

आणखी एक कारण तरुणांच्या लक्षात येत नाही. आपल्या भागात संगणक बिघडला तर दौंडहून किंवा चौफुल्याहून ओळखीचा मुलगा दुचाकीवर येतो, पेटी उघडतो, रॅम पुसून बसवतो, फार तर हार्ड डिस्क बदलतो आणि दुपारपर्यंत बिले सुरू होतात. बंदिस्त यंत्रासाठी पुणे गाठावे लागते. साठ किलोमीटर काही लांब नाही. पण दोन दिवस बिल न निघणे हंगामात फार लांब आहे.

व्यापारी बदलास भितो, असे मात्र कोणी म्हणू नये. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली कीर्द आणि खतावणी दोन रकान्यांवर आली. पावकी-निमकीची पाठांतरे निरुपयोगी ठरली. पाठोपाठ शेर-मणांच्या जागी किलो-क्विंटल आले. त्या पिढीने हे सारे पेलले. जिभेवर चार आणे-आठ आणे राहिले, वहीत पंचवीस-पन्नास पैसे पडले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हाही रात्री जागून सारी खाती नव्याने मांडली गेली. व्यवहाराची रीतच बदलली की व्यापारी बदलतो; केवळ वस्तू नवी निघाली म्हणून बदलत नाही. हा विवेक आहे, असेच आम्ही म्हणू.

आता ती राहिलेली रक्कम. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. वैयक्तिक वापराच्या संगणकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते, इतकेच. विंडोज ११ घ्यावे तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि सर्वसाधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१८ पूर्वीच्या बहुतेक पेट्या त्यात बसत नाहीत. पेटी उद्याही सुरू होईल, एफ-८ दाबताच विक्रीचे पानही उघडेल. परंतु त्याच पेटीवर बँकेचे व्यवहार होतात, विवरणपत्रे भरली जातात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अनोळखी फाइल उघडली जाते. सगळ्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे विषाणू अशाच दुरुस्ती न मिळालेल्या यंत्रांवर सहज शिरतात. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. अधिकाऱ्यापुढे ‘संगणक गेला’ हे उत्तर चालत नाही; आणि ज्यांच्याकडे आपली उधारी आहे, त्यांच्याकडे तर मुळीच चालत नाही. ‘चालतंय ना’ हे उत्तर येथे अपुरे पडते.

यासाठी मॅककडे जाण्याची गरज नाही आणि मुनीमजींचा हात मोडण्याचीही नाही. विंडोज ११ चालवणारा साधा, नवा संगणक घ्यावा. त्यावर तीच टॅली, त्याच कळा. जुन्या पेटीतला सर्व वर्षांचा डेटा दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवावा, त्यातली एक प्रत दुकानाबाहेर, घरी असावी. बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असे समजू नये. तो दुसऱ्या संगणकावर उघडून, मागल्या एखाद्या वर्षाचा ताळेबंद जुळतो का हे पाहावे. महिनाभर दोन्ही यंत्रे शेजारी ठेवावीत. इंटरनेटची तार मात्र जुन्या पेटीची काढून घ्यावी.

टीव्हीएस गोल्डचा तो टकटकणारा कळफलक बदलू नये. त्याची पिन गोल असेल तर नव्या संगणकास ती बसेलच असे नाही. दुरुस्तीवाल्याला येताना यूएसबीचा कन्व्हर्टर आणावयास आधीच सांगून ठेवावे.