हेलियमची गोष्ट दुरुस्त करू या

दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी तिथल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियम शोधला, असे मुलांना सांगितले जाते. कोकणाला याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. मात्र तारखा जुळत नाहीत.

त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकयर भारतात नव्हतेच. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रातील गुंटूरहून पाहिले. लॉकयर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. म्हणजे हे मूलद्रव्य वेगळे होते. ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले.

मग ओट्यांची गोष्ट काय? लॉकयर विजयदुर्गला खरोखर आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. नौदलाच्या खलाशांना उपकरणे हाताळायला शिकवून त्यांनी सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात निरीक्षणे घेतली. याच ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला ठाण मांडून होते.

या तीस वर्षांत अणूची कल्पनाच बदलू लागली होती. तोवर अणू म्हणजे न फुटणारा कण, अशी समजूत होती. ताऱ्यांच्या प्रचंड उष्णतेत मूलद्रव्येही विघटित होत असावीत, असे लॉकयर १८७० च्या दशकापासून सांगत होते. त्यांचे स्पष्टीकरण टिकले नाही. पण १८९७ मध्ये थॉमसन यांना अणूपेक्षाही लहान इलेक्ट्रॉन सापडला. त्याआधी १८९५ मध्ये रॅम्से यांना पृथ्वीवर हेलियम मिळाला, तोही युरेनियमच्या खनिजात. तो तिथे का, याचे उत्तर पुढे रदरफर्ड यांनी दिले. युरेनियमचे अणू फुटताना बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच केंद्रके. हेच कण सोन्याच्या पातळ पत्र्यावर आदळवल्यावर काही उलटे फिरले, आणि त्यावरून १९११ मध्ये अणूच्या केंद्रकाचा शोध लागला.

आज एमआरआय यंत्रातले चुंबक उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवायला द्रवरूप हेलियमच लागतो. सूर्यात दिसलेली एक रेषा अशी रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली.

खऱ्या तारखांनी विजयदुर्गचे महत्त्व कमी होत नाही. किल्ल्यावर १८६८ आणि १८९८ या दोन्ही ग्रहणांचा नेमका इतिहास सांगणारा फलक लावावा. हेलियम दिनाला मुलांना बर्नरच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून सोडियमचा पिवळा रंग दाखवावा. त्या रंगाशी जुळत नाही एवढ्यावरूनच नवे मूलद्रव्य ओळखले गेले, हे त्यांना कळेल. पुरावा जुळत नसेल तर आवडती समजूतही बदलावी लागते, हे विज्ञानाचे पहिले शिक्षण आहे. त्याची सुरुवात आपल्या ओट्यांपासून व्हायला काय हरकत आहे?