मेंदी आधी, नीळ मग
आईच्या कानशिलावरचे पांढरे केस मी घरीच रंगवते. रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी सकाळी दोन-तीन तास ठेवून धुतली, की ते विटकरी होतात. मग निळीच्या पाल्याची पूड (कपड्यांची नीळ नव्हे!). ही भिजवून ठेवायची नाही. कोमट पाण्यात कालवायची आणि 10-15 मिनिटांत लावायला घ्यायची, नाहीतर तिचा जोर ओसरतो. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका. हवा लागून एक-दोन दिवसांत ते गडद होतात. तोवर शांपू नको. मेंदीचा स्वतःचा रंग काळा नसतोच. ‘काळी मेंदी’ म्हणून विकतात त्यात अनेकदा पीपीडी हे रसायन असतं, काहींना त्याची जबर ॲलर्जी होते. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती डोक्याला लावू नका.