काळ्या वाघाचें कौतुक

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित मंडळींना एक नवें कौतुक सांपडलें आहे. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यांतील सिमिलिपालच्या अरण्यांत काळे वाघ राहतात. त्यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत झळकतात, मोबाइलवरून घरोघर फिरतात, आणि निसर्गाची काय ही किमया, असे उद्गार निघतात. जानेवारी २०२४ मध्यें ओडिशा सरकारनें बारिपद्याजवळ या वाघांची खास सफारी उभारण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हां जगांतील अशी पहिलीच म्हणून तिची वाखाणणी झाली. या समारंभांत विरजण घालण्याचें अप्रिय काम आम्ही पत्करीत आहों. आमच्या मतें या वाघाचा सत्कार करण्यापूर्वीं पंचनामा व्हावयास हवा होता.

हा वाघ वस्तुतः काळा नव्हेच. त्याच्या अंगावरील पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, आणि मधली पिवळी जमीन कोठें कोठें रेघेपुरती उरते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांतील उमा रामकृष्णन् व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालीं या प्रकाराचें मूळ प्रसिद्ध केलें. एका जनुकांत एका अक्षराचा फेर पडला आहे, एवढेंच तें मूळ. आफ्रिकेंतील कांहीं चित्त्यांच्या ठिपक्यांचे जाड पट्टे बनतात तेहि याच जनुकाच्या बिघाडामुळें. हा फेर आई आणि बाप अशा दोहींकडून आला तरच रंग पालटतो. एकाच बाजूनें आला तर वाघ दिसावयास इतरांसारखाच. सिमिलिपालांत शेंकडा ३७ वाघ या रंगाचे निघाले, आणि देशांतील इतर अरण्यांतील वाघ तपासले तेव्हां हा फेर एकाहि वाघांत आढळला नाहीं. पुढें ओडिशाच्या वनखात्यानें २०२३-२४ मध्यें गणती केली तींत सिमिलिपालचे प्रौढ वाघ २७ भरले. त्यांपैकीं काळे १३, जवळजवळ निम्मे!

जी गोष्ट इतर रानांत औषधालाहि मिळत नाहीं ती एका रानांत निम्म्यावर कशी आली? मिश्र धान्याच्या पोत्यांतून एक मूठ काढून पेरावी, त्या पिकांतून पुन्हां एकच मूठ घ्यावी, आणि असें पांचसात वेळां करावें. जो दाणा पोत्यांत शोधून सांपडत नव्हता तोच एखादे वेळीं सगळ्या शेतांत डोलूं लागतो, आणि जे उत्तम दाणे होते त्यांतले कित्येक कायमचे नाहींसे होतात. यांत कोणी निवड केलेली नसते. मूठ लहान, एवढेंच कारण. थोडे वाघ, चहूंकडून कोंडलेले, बाहेरून येणारा कोणी नाहीं. मग भाऊबंदांतच संबंध होणार आणि दोहींकडून सारखाच दोष आलेलीं पिलें निपजणार. ही मूठ लहान केली ती शिकारीनें, जंगलतोडीनें, शेतीनें आणि खाणींनीं. याच मयूरभंजांतील गोरुमहिसानीच्या लोहखनिजावर जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला. एकट्या त्या खाणीस आम्ही दोष देत नाहीं. पण देशाच्या रुळांत आणि पुलांत त्या मुलुखाचा कांहीं अंश आहे, हें विसरूं नये. आपल्या मुलामुलींचीं लग्नें जुळवितांना गोत्र पाहणारे आणि सपिंड नात्याच्या पिढ्या बोटांवर मोजणारे आम्ही लोक (मामाच्या मुलीचा अपवाद आम्हांस ठाऊक आहे, तो वाद येथें नको), आणि कोंडलेल्या कुळांतील या संततीस दुर्मिळ रत्न म्हणून मिरवितों, याची मौज वाटते.

रानटी जनावराचें वाण मनुष्य असें कोंडून बदलतो, तसेंच तो मारूनहि बदलतो. या दुसऱ्या रीतीचा दाखला मोझांबिक देशांतील गोरोंगोझा अरण्यानें दिला आहे, आणि त्याचेंहि असेंच कौतुक झालें म्हणून तो येथें सांगणें प्राप्त आहे. आमच्याकडील हत्तिणींस बाहेर दिसतील असे सुळे बहुधा नसतात. आफ्रिकेंत मात्र नर आणि मादी दोघांसहि ते असतात. त्या देशांत १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध चाललें. मांसासाठीं आणि हस्तिदंतासाठीं दोन्ही बाजूंच्या सैनिकांनीं हत्ती मारले, ते इतके कीं शंभरांमागें नव्वदाहून अधिक नाहींसे झाले. ज्या थोड्या हत्तिणींस जन्मतःच सुळे नव्हते त्यांच्यावर गोळी खर्चण्यांत कोणास लाभ नव्हता. युद्धापूर्वीं अशा हत्तिणी शेंकडा १८ ते १९ होत्या, युद्धानंतर त्या ५१ च्या आसपास झाल्या. तह झाला, बंदुका थंडावल्या. तरी पुढें जन्मलेल्या माद्यांतहि तिसरा हिस्सा बिनसुळ्यांचाच निघाला.

शेन कॅम्पबेल-स्टेटन व त्यांचे सहकारी यांनीं २०२१ सालींच या प्रकरणाचा उलगडा केला. तेव्हां हत्तींनीं शिकाऱ्यांवर मात केली, अशा थाटाचे मथळे आम्हीं वाचले. मात कसली? हा गुण एक्स गुणसूत्रावरून उतरतो, आणि ज्या पुत्रगर्भास तो मिळतो तो जगत नाहीं. म्हणून बिनसुळ्या आईच्या पिलांत तीनांमागें सुमारें दोन माद्या आढळतात. आईचा जीव वांचावा यासाठीं मुलगे पोटांतच मरावे, हें ज्यांस निसर्गाचें शहाणपण वाटतें त्यांच्या शहाणपणास काय म्हणावें? शिवाय सुळा हा कांहीं दागिना नव्हे. त्यानें हत्ती झाडाची साल सोलतो, जमीन उकरून पाणी आणि क्षार काढतो. सुळे असलेल्या आणि नसलेल्या हत्तिणींच्या चाऱ्यांतहि फरक पडल्याचें याच अभ्यासांत दिसून आलें. अर्थात् हत्तीचा सुळा गेला कीं रानाचें रूपहि पालटूं शकतें.

यावर एक पंडिती आक्षेप नेहमीं येतो. बदल हा सृष्टीचा धर्मच आहे. सिमिलिपालच्या दाट छायेंत काळा रंग वाघास उपयोगीहि पडत असेल. मग तक्रार कशाची? उपयोगाची ही शक्यता संशोधकांनीं स्वतःच मोकळी ठेविली आहे, आणि तसें ठरल्यास आम्हांस आनंदच होईल. परंतु आमची तक्रार रंगाविषयीं नाहींच. रंग दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. ज्या मुठीबरोबर तो वाढला त्याच मुठीबरोबर न दिसणारे किती दोष वाढले असतील, याची भीति आहे. रणथंभोरच्या एकाकी वाघांचा जनुकसंच याच केंद्रांतील संशोधकांनीं वाचला तेव्हां जवळच्या नात्यांतील संबंधाच्या खुणा त्यांत इतरांहून ठळक दिसल्या. तेथील वाघांचा रंग मात्र नेहमींचाच, म्हणून त्यांच्याविषयीं कोणी मथळा लिहीत नाहीं.

सफारीच्या कैवाऱ्यांचें म्हणणें असें कीं, तेथें ठेवावयाचे वाघ रानांतले नव्हत. प्राणिसंग्रहालयांत अधिक झालेले आणि संकटांतून सोडविलेले असेच ते असतील. ठीक आहे. परंतु रंग पाहण्यासाठीं तिकीट काढलें म्हणजे रंग पुरवावा लागतो, आणि रंग कसा पुरवितात तें या देशानें एकदां पाहिलें आहे. १९५१ सालीं रेव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनीं पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडला. त्याचें नांव मोहन. साध्या वाघिणीपासून त्याला पांढरीं पिलें होईनात, म्हणून त्याचा संबंध त्याच्याच मुलीशीं, राधेशीं, लावण्यांत आला, आणि १९५८ सालीं पांढरीं पिलें मिळालीं. पुढें देशोदेशींच्या पिंजऱ्यांतून हा वंश आप्तसंबंधांतच वाढविला गेला, आणि त्याची किंमत व्यंग घेऊन जन्मलेल्या पिलांनीं मोजली. पांढऱ्याच्या जागीं काळा आला म्हणून गणित बदलत नाहीं.

आतां याच्या उलट बाजू पाहा. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत आमच्या ताडोब्याच्या जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालास नेण्यांत आल्या. हेतु उघड होता, कीं त्या कोंडलेल्या कुळांत परकें रक्त यावें. हा उपाय योग्यच होता, आणि तो करणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीं आम्हांस आदर वाटतो. परंतु त्याचें फळ काय यावें? ताडोब्याच्या वाघांत तो फेर नाहीं. तेव्हां या वाघिणींस काळ्या वाघापासून होणारें प्रत्येक पिलूं पट्टेरीच निपजेल. औषध जितकें लागू पडेल तितके काळे वाघ विरळ होतील. ज्या राज्यानें जानेवारींत काळ्या वाघांच्या नांवावर प्रवाशांस बोलाविण्याचा बेत केला त्याच राज्यानें त्याच वर्षाच्या अखेरीस काळेपण ओसरावें असा उपचार आरंभिला! दोन्ही हातांस एकमेकांची वार्ता नव्हती असें म्हणवत नाहीं. पण हे दोन हात पुढेंमागें झगडतील तेव्हां वनखात्याची बाजू घेण्यास किती लोक उभे राहतील? ज्या गांवच्या खाणावळी, गाड्या आणि वाटाडे काळ्या वाघावर पोसले जातील त्यांना पट्टेरी पिलाचा जन्म तोट्याचा वाटूं लागेल, आणि त्यांस दोष तरी कसा द्यावा? त्यांना ही चटक लावणारे आपण, शहरांतून जाणारे.

शिवाय वाघीण ट्रकमध्यें घालून नेणें हा आणीबाणीचा उपाय आहे. झीनत नव्या रानांत राहिली नाहीं. डिसेंबरांत ती झारखंडांत शिरली, तेथून पश्चिम बंगालांत उतरली, आणि २९ डिसेंबर रोजीं बांकुडा जिल्ह्यांत तिला भुलीचें औषध मारून पकडावें लागलें. त्या दिवसांत तिच्या मार्गांतील गांवांनीं जी भीति सोसली ती खरी होती. पण वाघिणीनें केलें तें वाघाच्या जातीला धरूनच. वाघ चालतो. रानाला रान जोडलेलें असेल तर मूठ लहान होत नाहीं आणि परकें रक्त आपल्या पायांनीं येतें. मध्य भारतांत तें अजून येतें, कारण तेथें अरण्यांच्या कांहीं सांखळ्या शिल्लक आहेत. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या रानांतून रुंद करतांना, पुष्कळ तंट्यानंतर, जनावरांसाठीं नऊ ठिकाणीं रस्त्याखालून वाट ठेवण्यांत आली. आणि वाघ त्या वाटेनें जातात, हें स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं टिपलें आहे. खर्च फार झाला, अशी कुरकूर तेव्हांहि ऐकूं आली होती. तो खर्च कशावरचा, हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं सिमिलिपालचे तेरा वाघ पाहावे.

आपल्याकडे मात्र सगळा अभिमान शिरगणतीवर. २००६ सालीं देशांत वाघ १,४११, २०२२ सालीं ३,६८२. हे आंकडे दरेक भाषणांत येतात, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु २७ वाघ एका रानांत कोंडलेले आणि २७ वाघ चार रानांशीं जोडलेले, यांतील भेद त्या बेरजेंत दिसत नाहीं. आमचें मागणें फार मोठें नाहीं. वाघांच्या विष्ठेवरून आणि केंसांवरून त्यांचें कुळ ओळखण्याची विद्या आपल्या देशांत आहे. तेव्हां गणतीच्या कोष्टकांत प्रत्येक अरण्यापुढें आणखी एक रकाना असावा: मागील गणतीनंतर बाहेरून आपल्या पायांनीं आलेले किती, आणि त्यांपैकीं किती जणांचा वंश तेथें लागला. त्या अरण्यालगत नवी खाण किंवा नवा रस्ता मागणाऱ्याच्या अर्जास तो रकाना जोडलेला असावा, आणि सफारीच्या दारावर, तिकिटाच्या खिडकीशेजारीं, तो मोठ्या अक्षरांत लावलेला असावा.