नक्षी बोचक्यातच असते

वाकळेला पुन्हा मागणी आली आहे. शहरातले लोक तिला गोधडी म्हणतात, दुकानात टांगतात, लग्नात भेट देतात. परंड्यात वाकळ शिवून चार पैसे मिळवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला याचा आनंदच आहे. पण या मागणीबरोबर एक प्रश्नही आला. शिवायला बसलेली प्रत्येक नवी मुलगी आधी विचारते, "ताई, डिझाइन कुठलं घ्यायचं?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन पुढं करते. त्यात परदेशी क्विल्टचे नमुने असतात: आठ टोकांचा तारा, षटकोनी फुलं, एकसारखे चौकोन. नमुने देखणे असतात, नाही असं नाही. पण आमच्या हातातल्या कापडाशी त्यांचा काही संबंध नसतो.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. नवीन असताना मीही त्यांना नक्षीबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नक्षी हुडकाया कुठं जायाचं गं? ह्या बोचक्यातच हाय की." मग त्यांनी बोचकं सोडलं आणि त्यातलं एक जुनं इरकल काढून त्याच्या काठाची दुमड उसवली. वरचं कापड उन्हानं आणि धुण्यानं फिकं पडलेलं, आणि दुमडीत दडलेली पट्टी मात्र गर्द निळी, कालच मागावरून उतरावी तशी. एकाच लुगड्यातून दोन निळे निघाले. त्यांनी फिका निळा मधे घेतला, गर्द पट्टी त्याच्या चारी बाजूंनी लावली, आणि ती वाकळ एकदम उठून दिसायला लागली. असा रंग कुठल्या दुकानात मागून मिळत नाही. तो त्या लुगड्यानं काढलेल्या वर्षांचा असतो.

आमच्याकडं वाकळ कडेपासून आत शिवतात. खाली जुनं लुगडं ताणून अंथरायचं, कडांवर दगड ठेवायचे, वर धडुत्यांचे थर द्यायचे, आणि काठाकडून धावदोरा घालत एकेक फेर आत घ्यायचा. कोपऱ्यावर टाका वळवताना हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर तिथं चुणी पडते आणि ती शेवटपर्यंत जात नाही. फेर लहान होत होत मध्यावर संपतो. म्हणूनच वाकळेची नक्षी आधी कागदावर काढता येत नाही. तिसऱ्या फेराला लाल धडपं संपलं तर चौथ्याला काय लावायचं, हे त्या वेळी बोचक्यात जे असेल त्यावर ठरतं. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडं राहणाऱ्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून आत येते. त्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात, आणि फुलांशिवाय कवंदी त्यांना पुरी वाटत नाही.

बोचक्याखेरीज नक्षी आजूबाजूलाही असते, नुसतं बघायला हवं. आता परंड्याचंच घ्या. किल्ला बघायला लोक येतात, फोटो काढतात. मुलुखमैदान तोफ १६३२ मध्ये इथूनच विजापूरला नेली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण खंदकाच्या कडेला उभं राहून एकावर एक उठणारे दोन तट आणि वरच्या चर्यांची ओळ कुणी निरखून बघत नाही. इरकलच्या लाल पदरावर जी पांढरी दातेरी नक्षी असते, तिच्यात तटबंदीचा एक आकार असतो, फणीचा असतो, ज्वारीच्या कणसाचाही असतो. इरकल गावच्या विणकरांनी जे बघितलं ते पदरावर आणलं. आमच्या बायका तो पदर आयुष्यभर डोक्यावर घेतात, आणि नक्षी मात्र फोनवर शोधतात. शाळूच्या रानात पाभरीची तासं बघा, दारातली रांगोळी बघा, म्हाताऱ्या बायकांच्या हातावरचं गोंदण बघा. मी नव्या मुलींना हेच सांगते.

मध्यंतरी एका प्रशिक्षण वर्गाला गेले होते. तिथं प्रत्येकीला नवं कोरं कापड, आधीच कापलेले चौकोन आणि एक रंगीत छापील नमुना दिला. शेवटी सगळ्यांच्या गोधड्या शेजारी शेजारी टांगल्या, तर कुणाची कुठली हे ज्या त्या बाईलाही ओळखता येईना. हे मला पटलं नाही, तिथंही मी तसं बोलले. गिऱ्हाईकाला एकसारखा माल लागतो, असं मला सांगण्यात आलं. मापाला एकसारखेपणा हवा, हे मान्य. दोरा पक्का हवा, धुतल्यावर रंग जायला नको, टाका बोटभर लांब नको, हे सगळं शिकवायलाच हवं. नक्षी मात्र ज्या त्या बाईची राहू द्या. एकसारखी गोधडी यंत्र आमच्यापेक्षा स्वस्तात काढतं, त्यात आम्ही कधीच जिंकणार नाही.

खरी अडचण वेगळी आहे, आणि तिच्यावर कुणी वर्ग घेत नाही. सुती लुगडी संपत आली. आता घराघरांत निघतात त्या सिंथेटिक साड्या. त्या सुईखाली सरकतात, घाम पीत नाहीत, आणि आत घातल्या तर थर गोळा होतात. मी त्या फक्त वरच्या बाजूला लावते, टाका बारीक घेते, फेर जवळजवळ ठेवते. साडीवरची छापील वेल असते तिच्याच बाजूनं दोरा नेला की नवीच नक्षी तयार होते. नव्या कापडाचं उत्तर असं हातातूनच शोधावं लागतं.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून क्विल्ट शिवल्या. मिसूरी पेटवे या बाईनं १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची एक शिवली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गावच्या क्विल्टचं प्रदर्शन भरलं, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. चौकटीत चौकट असा त्यांचा एक नमुना बघून मी थबकले, इतका तो आमच्या वाकळेच्या जवळचा होता. त्या बायकांनी कुणाचा छापील नमुना घेतला नव्हता, म्हणून जग त्यांच्या दारात आलं.

आणि आपला जिल्हा कापडाला परका नाही. तेर म्हणजे जुनं तगर. तिथून साधं कापड आणि मलमल भडोचला जायची, असं पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात लिहिलेलं आहे. त्याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या तिथं जपून ठेवल्या आहेत. तिथं एक भिंत जिल्ह्यातल्या वाकळांना मिळावी. परंडा, भूम, कळंब, तुळजापूरच्या घरांत अजून जुन्या वाकळा आहेत. त्या झिजून पोतेरं व्हायच्या आत जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांनी त्यांचे फोटो काढावेत आणि आजीजवळ बसून लिहून घ्यावं: कुणाचं लुगडं, कुणाचा फेटा, कुणी शिवली, कुठल्या साली.

वर्ग घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिल्या दिवशी कापड वाटू नका. बायकांना आपापलं बोचकं घेऊन यायला सांगा, तिथंच सोडायला लावा, आणि दिवसभर नुसतं बघू द्या. विकताना प्रत्येक वाकळेला एक चिठ्ठी जोडा: शिवणारीचं नाव, गाव आणि कापड कुणाच्या अंगावरचं ते. मी आता माझ्या वाकळेला अशी चिठ्ठी लावते, आणि गिऱ्हाईक आधी ती चिठ्ठी वाचतं, मग किंमत विचारतं.