फोन आईचा, अंगठा कुणाचा?

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची धावपळ चालू होती तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक मावशी संध्याकाळी फोन घेऊन दारात आल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, चार घरची धुणीभांडी करून संसार उभा केलेला. म्हणाल्या, "एवढं तेवढं करून दे की रं बाळा." मी फोन घेतला, आधार क्रमांक टाकला, ओटीपी आल्यावर विचारला, त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला. मग नवऱ्याच्या आधारचा ओटीपी. दहा मिनिटांत काम झालं. मावशी आशीर्वाद देऊन गेल्या आणि मी समाजकार्य केल्याच्या समाधानात जेवायला बसलो.

चारच दिवसांनी त्यांना एक फोन आला. तुमची केवायसी अपुरी आहे, हप्ता थांबेल, मोबाईलवर आकडा आलाय तो सांगा. मावशींनी सांगितला. बचत गटात भरायला ठेवलेले पैसे खात्यातून गेले. मी तावातावानं म्हणालो, "अहो मावशी, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, एवढंही माहीत नाही?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तू इचारलास, तुला सांगितला. त्यानं इचारला, त्याला सांगितला. कुणाला सांगायचा न्हाई, हे तू तरी कवा सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे नेणारा चोर कुठेतरी लांब बसला होता. पण 'ओटीपी मागेल त्याला द्यायचा असतो' हा धडा मावशींनी माझ्याच दारात घेतला होता.

मित्रांनो, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांची ऑनलाइन कामं आपण सगळेच 'करून देतो'. त्यात प्रेम असतं, तळमळ असते. पण करून देणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत वेळ वाचतो, दुसरीत माणूस उभा राहतो. आणि फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या कार्यकर्त्यानं पहिल्यावर समाधान मानणं मला आता पटत नाही.

दप्तर ज्याच्या हाती

आपल्या आज्या-पणज्यांना गावगाड्यात कशानं नागवलं? जातीच्या जोडीला कागदानं. गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे. जमीन कुणाच्या नावावर, सारा किती भरला, देणं किती राहिलं, हे लिहिणारा तोच आणि वाचून दाखवणाराही तोच. अडाणी ठेवलेल्या शेतकऱ्याला सरकारी कागदांच्या आणि कचेऱ्यांच्या जाळ्यात कसं लुबाडलं जातं, हे जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये उघडं केलं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या तरुणांनाही त्यांनी तलाठी केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली, सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. महाराजांनी कुलकर्ण्याला 'जरा मायेनं वाग' असं सांगून भागवलं नाही. त्यांनी त्याची मक्तेदारी काढून घेतली आणि दप्तर स्वतः वाचू शकेल अशी पिढी घडवायला घेतली.

आज ते दप्तर फोनमध्ये आलंय. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार'वर. पोरांची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. आरटीईचा अर्ज ऑनलाइन, सातबारा ऑनलाइन, रेशनकार्डाची ई-केवायसी ऑनलाइन. ज्याला हे उघडता येत नाही त्याच्यासाठी पुन्हा कुणीतरी लिहिणार आणि कुणीतरी वाचून दाखवणार. कुठे तो जास्तीचे पैसे उकळणारा एजंट असतो, कुठे आपल्यासारखा फुकट काम करणारा कार्यकर्ता. एजंट लुटतो, आपण लुटत नाही, हा फरक मोठा आहेच. पण मावशींचा अंगठा दोन्हीकडे दुसऱ्याच्याच मर्जीवर.

घरटी एक, पण तो कोण?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एक साधा प्रश्न होता: तुम्ही आयुष्यात कधी इंटरनेट वापरलंय का? देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी हो म्हटलं आणि ३३ टक्के स्त्रियांनी. ग्रामीण भागात हो म्हणणारी स्त्री चारांत एक. नंतरच्या वर्षांत फोन वाढले, डेटा वाढला. पण फोन हातात असणं आणि फोन कळणं यातलं अंतर आपल्या घरातच मोजता येतं.

केंद्र सरकारनं २०१७ साली ग्रामीण डिजिटल साक्षरतेची मोहीम काढली. सहा कोटी कुटुंबं, प्रत्येक घरातली एक व्यक्ती, वीस तासांचं प्रशिक्षण. मार्च २०२४ मध्ये ती संपली. 'घरटी एक' म्हटल्यावर तो एक कोण असणार? बहुतेक घरांत कॉलेजात जाणारा पोरगा. त्यानं शिकावं आणि घरच्यांना शिकवावं, अशी कल्पना. पोरगा शिकलाही असेल, पण आईला शिकवायला तो किती वेळा बसला? हा प्रश्न सरकारला नंतर विचारू. आधी स्वतःला विचारू.

"आईला जमत नाही" हे उत्तर मला मान्य नाही. हीच आई बचत गटाचे हिशेब तोंडपाठ ठेवते. भिशीत कुणाचा नंबर कधी लागला, रेशनला कुठल्या महिन्यात काय कमी मिळालं, सगळं तिच्या डोक्यात असतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हाही 'यांना या वयात काय जमणार' असं म्हणणारे होतेच. त्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं का?

हात पाठीमागे

तेव्हापासून मी काही जणींना शिकवायला बसतोय. फार मोठं काम नाही, पण चुका करून जे कळलं ते सांगतो.

पहिला नियम: शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहील. चुकीचं बटण दाबलं तरी आपण फोन ओढून घ्यायचा नाही. आपण चिडून फोन घेतला की धडा तिथंच संपतो.

दुसरा: सुरुवात तिच्या गरजेपासून. 'हे ब्राउझर, हे अॅप' असल्या व्याख्या कुणाला नको असतात. पुण्याला कामाला गेलेल्या लेकाला व्हिडिओ कॉल कसा लावायचा, खात्यात किती जमा आहे हे कसं बघायचं, इथून सुरू करा. टाइप करता येत नाही म्हणून अडू नका. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. आपलंच बोलणं पडद्यावर लिहून आलेलं बघितल्यावर एका काकींचा चेहरा कसा उजळला होता, ते मी विसरणार नाही.

तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: 'हो' दाबायला शिकवण्याआधी 'नाही' म्हणायला शिकवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो. ओटीपी म्हणजे आपल्या घराची किल्ली, ती फोनवरच्या माणसाला द्यायची नसते, आणि त्यात मीही आलो. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाईल उघडायची नाही. आणि फसलोच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० ला फोन करायचा, कारण वेळ गेला तसे पैसे हातातून सुटतात.

हे नुसतं सांगून उपयोग नाही, सराव घ्यावा लागतो. आम्ही एका पोराला बँकेचा साहेब बनवून फोन करायला लावतो. पहिल्या दिवशी सगळ्याजणी घाबरून "व्हय साहेब" म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी एकीनं "ठेव फोन, मुडद्या!" म्हणून असा दणका दिला, की पोरगं खरंच दचकलं. साहेबाच्या आवाजाला घाबरायचं नाही, हे शिकायला आपल्या समाजाला पिढ्या लागल्या. त्या आवाजाचाच फायदा आजचा चोर घेतो.

चौथा: फोनचा पिन ज्याचा त्याच्याकडे. सुनेचा फोन नवरा तपासतो, आईच्या खात्याचा पिन पोराकडे असतो, आणि हे सगळं 'काळजी' या नावाखाली चालतं. शिकवताना आपण हेच घट्ट करणार असू, तर काय कामाचं?

कालामांना सांगितलेली गोष्ट

पैशाची फसवणूक निदान कळते. डोक्याची फसवणूक कळतही नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षेकरी माणसं, सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग? अफवेला बळी पडले ते भटके-विमुक्त, गावकुसाबाहेरचेच.

आणि आपलं कोल्हापूर? बाबासाहेब हयात असताना, ९ डिसेंबर १९५० रोजी, बिंदू चौकात फुले-आंबेडकरांचे पुतळे उभे करणारं हे शहर. त्याच शहरात ७ जून २०२३ रोजी काही पोरांच्या मोबाईल स्टेटसवरून जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद करावं लागलं. त्या दिवशी किती घरांतल्या फोनवर खरंखोटं न बघता व्हिडिओ पुढे ढकलले गेले असतील, याचा विचार करा.

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितलं? ऐकीव आहे म्हणून, परंपरेनं चालत आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. फोन शिकवण्याचा यापेक्षा चांगला पाठ मला तरी माहीत नाही. कुणी पाठवलं, कधीचं आहे, दुसरीकडे कुठे छापून आलंय का, आणि वाचून कुणाचा तरी राग येतोय का? राग येत असेल तर पुढे पाठवण्याआधी थांबा.

हा पाठ आपल्यालाही लागू आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली कुठलंही वाक्य टाकून 'जय भीम' लिहिलं की आपण डोळे झाकून पुढे पाठवतो. ग्रंथ कुठला, भाषण कुठलं, साल कुठलं, कुणी विचारत नाही. महाराष्ट्र शासनानं छापलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड आज इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. आयुष्यभर पुराव्यानिशी लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर बिनपुराव्याची वाक्यं फिरवणं ही भक्ती असेल, आंबेडकरवाद नाही.

वर्षावासात अर्धा तास

मग हे शिकवायचं कुठे? वेगळा वर्ग, वेगळी जागा, अनुदान, यांची वाट बघायची गरज नाही. आपल्याकडे विहार आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीतल्या आया-बहिणी रोज संध्याकाळी पांढरी साडी नेसून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या वाचनाला बसतातच. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मधेच कुणी अर्थ विचारतं. 'मूकनायक' काढायला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, त्या काळातही वाचता येणारा एकच असायचा आणि त्याच्याभोवती बसून ऐकणारे अनेक. एकत्र बसून शिकायची सवय आपल्या रक्तात आहे.

तिला थोडं पुढे न्या. आठवड्यातून दोन दिवस, वाचन संपल्यावर अर्धा तास. तीन महिन्यांत पंचवीसेक बैठका होतात. पाच-सहा जणींमागे एक तरुण किंवा तरुणी. आणि शिकलेल्या बाईनं पुढच्या वर्षी दुसरीला शिकवायचं. सिद्धार्थनगरपासून माणगावपर्यंत जिथं जिथं विहार आहे, तिथं हे येत्या वर्षावासात सुरू होऊ शकतं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'आता सगळे शिकले' असं म्हणून सरकारनं खिडक्या बंद करता कामा नयेत. विटा उचलून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा ठसा मशीन घेत नाही, त्यात त्याचा काय दोष? कागदावर अर्ज घेणारी खिडकी आणि समोर बसून ऐकणारा माणूस प्रत्येक कचेरीत राहिलाच पाहिजे, ही मागणी आपण सोडायची नाही. शिकणं हा हक्क आहे. न शिकल्याची शिक्षा म्हणून कुणाचं रेशन किंवा पेन्शन अडता कामा नये.

परवा मावशी पुन्हा फोन घेऊन आल्या. सवयीनं मी हात पुढे केला. त्यांनी फोन मागे घेतला आणि म्हणाल्या, "तू नुसतं बघ. चुकलं तर सांग." वीस मिनिटं लागली, दोनदा चुकलं. आकडा आला तेव्हा त्यांनी फोन माझ्यापासून वळवून धरला आणि मगच तो टाकला.

आज रात्री जेवण झाल्यावर आईच्या शेजारी बसा. फोन तिच्या हातात द्या. तुमचे हात पाठीमागे ठेवा.

जयभीम!