नवी जमीन आणि कुत्र्याचे नाक

नवी जमीन घेणारा शेतकरी सातबारा पाहतो, फेरफार तपासतो, मोजणी करून घेतो. आणि हे त्याने केलेच पाहिजे. परंतु जमिनीचे क्षेत्र व आकार कागदावर मिळाले, तरी तिचा स्वभाव कागदावर उतरत नाही. तो पायांनीच शोधावा लागतो. आणि पायांस कुत्र्याच्या नाकाची जोड मिळाल्यास पुष्कळ काही हाती लागते, असे अनुभवांती आमचे मत झाले आहे.

प्रस्तुत लेखकाने शेजारच्या गावी तीन एकर पडीक जमीन घेतली. खरेदीपूर्वी दोन वेळा बांधाबांधाने फेरी झाली होती. ताबा मिळाल्यावर मात्र घरचा कारवानी कुत्रा व गावठी कुत्री बरोबर नेली. कारवानी जात नजरेने शिकार करणारी. ससा उठताच तो वाऱ्यासारखा निघून गेला व बऱ्याच वेळाने धापा टाकीत परतला. गावठी कुत्री नाक जमिनीस लावून चालली. तिने बांधातील उंदरांची बिळे उकरून दाखविली, रानडुकरांची कुंपणाखालची वाट दाखविली, आणि घाणेरीच्या जाळीपुढे थबकून भुंकू लागली. फांद्या सारून पाहतो, तो कठडा नसलेली जुनी विहीर! विकणाऱ्याने तिचा उच्चारही केला नव्हता. आठ दिवसांनी तेथेच नांगर घालण्याचा बेत होता. बैलांचे व गड्याचे काय झाले असते, हे सांगावयास नको.

यावरून कुत्री मोकळी सोडावी, असा अर्थ कोणी काढू नये. कारवानी सोडण्यात चूक आमचीच होती. सशाची वाट विहिरीवरून असती, तर कुत्रा गमावलाच होता. शिवाय ससा, घोरपड, मोर यांच्यामागे कुत्री घालणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, आणि शेजारच्या रानात धनगराची मेंढरे बसलेली असतात. त्यांचाही विचार हवा. बिबट्याच्या मुलखात तर विशेष जपावे. अकोले तालुक्यातील अभ्यासात, बिबट्याच्या भक्ष्यात कुत्र्याचा वाटा सर्वांत मोठा आढळला आहे. उसालगत सांजसकाळी कुत्रे नेणे म्हणजे संकटास आमंत्रण होय.

म्हणून आमची सूचना अशी : कुत्र्यास पिसाळरोगाची लस दरसाल टोचलेली असावी, कारण या रोगाची लक्षणे एकदा दिसल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. गळ्यास दोरी असावी. फेरी उन्हे वर आल्यावर करावी, हाती काठी व बरोबर गावचा जाणता म्हातारा असावा. कुत्रे जेथे थबकेल, तेथे आपणही थांबून पाहावे.

विकणाऱ्यांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. पडकी विहीर अथवा खाण लपवून चार पैसे अधिक मिळतीलही. परंतु त्यात उद्या कोणाचे पोर पडले, तर ते पैसे पचणार नाहीत. अशा जागा खरेदीखतात लिहून द्याव्यात, व घेणाऱ्याने पहिल्या नांगरटीपूर्वी त्यांस कठडा बांधावा. आम्ही तो बांधला आहे. आमची गावठी कुत्री अद्यापि तेथून जाताना थबकते, आणि आम्हीही थबकतो.