कराची थकबाकी आणि रात्रीची झोप

रक्तदाब वाढलेला, आम्लपित्ताचा त्रास, छातीत धडधड आणि पहाटे तीनला उघडलेला डोळा पुन्हा मिटत नाही. अशा तक्रारी घेऊन पन्नाशीच्या आसपासचा दुकानदार वा कारखानदार दवाखान्यात आला, की मी हल्ली नाडी पाहता पाहता "धंदा कसा काय चाललाय?" असे विचारून ठेवतो. वैद्यकाच्या पुस्तकात हा प्रश्न कुठे छापलेला नाही. पण शिरोडा, रेडी, आरोंदा या पट्ट्यात इतकी वर्षे दवाखाना चालवल्यावर एवढे कळून चुकले आहे, की काही माणसांच्या छातीतली धडधड कार्डिओग्रामच्या कागदावर उमटत नाही, ती तिजोरीच्या कप्प्यात न फोडलेल्या पाकिटांत असते.

उत्तर पहिल्या खेपेला मिळत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला, कंपाउंडर बाहेर गेल्यावर, आवाज खाली येतो. "डॉक्टरांनू, कराची नोटीस इली हा. घरात कोणाक सांगूक नाय."

बँकेच्या कर्जाविषयी माणूस चारचौघांत बोलतो. सोसायटीचे पीककर्ज थकले तर पारावर बसून सरकारला शिव्या देता येतात. कराच्या थकबाकीचे तसे नाही. ती बोलली की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो 'चोरी'. त्यामुळे हा देणेकरी तोंड चुकवत हिंडतो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसतो, आणि गप्प बसण्यानेच आजार वाढतो. माझे मत स्पष्ट आहे. कर मुद्दाम बुडवणारा आणि कर न भरू शकलेला ही दोन वेगळी माणसे आहेत आणि दोघांना एकाच तराजूत तोलणे हा अन्याय आहे. कराशी आमच्या गावाचे नाते जुने आहे. मे १९३० मध्ये इथल्या मिठागरांवर सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला. पुढे १९४७ मध्ये तो करच रद्द झाला. त्या मंडळींनी कर उघड उघड आणि ताठ मानेने नाकारला होता. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला कर द्यायचा असतो, पण देता येत नाही. त्याची मान खाली गेलेली असते ती यासाठी.

ही थकबाकी साचते कशी ते सांगतो, कारण घरच्यांना नेमके तेच कळत नाही. काजूचेच घ्या. कच्ची बी मार्च ते मे या दिवसांत बागायतदाराकडून रोखीने घ्यावी लागते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला. त्यात शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीवरचा कर खरेदीदारानेच, तोही रोखीने, भरायचा असतो. पुढे त्याची वजावट मिळते हे खरे, पण आधी पैसा बाहेर जातो. मग बी भाजायची, फोडायची, सोलायची आणि गर मुंबईच्या वा गोव्याच्या व्यापाऱ्याला उधारीवर द्यायचा. बिल फाडले की कराची जबाबदारी उभी राहिली. व्यापाऱ्याने पैसे दिवाळीत दिले काय किंवा दिलेच नाहीत काय, सरकारची तारीख थांबत नाही. मधल्या काळात बायामाणसांचा पगार, विजेचे बिल आणि बँकेचा हप्ता असतोच. ज्याची नड मोठी त्याला पैसा आधी जातो. सरकार दारात येऊन ओरडत नाही म्हणून त्याचे मागे राहते. एक महिना, दोन महिने, मग वर्ष.

व्याज दरसाल १८ टक्के. चार लाखांच्या थकबाकीवर वर्षाला ७२ हजार, म्हणजे महिन्याला सहा हजार रुपये नुसते झोपेत वाढतात. त्यावर शास्ती वेगळी. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते असे.

आणखी एक गोष्ट नव्या काळाची आहे. पूर्वी विक्रीकराच्या कचेरीतून माणूस यायचा नाहीतर रजिस्टर पत्र यायचे, निदान पोस्टमन दिसायचा. आता नोटीस संगणकावरच्या सरकारी पोर्टलवर चढवली जाते. ते पोर्टल उघडायचा परवलीचा शब्द कर सल्लागाराकडे. सल्लागाराची फी थकलेली, म्हणून त्याने लक्ष घातलेले नाही. नोंदवलेला मोबाइल क्रमांक चार वर्षांपूर्वीच बंद पडलेला. मग नोटीस, स्मरणपत्र, आदेश, सगळे दुकानदाराच्या नकळत होऊन जाते, आणि तो बँकेत हजार रुपये काढायला जातो तेव्हा कळते की खाते गोठवले आहे. हा धक्का मी पाहिला आहे. तो हृदयविकाराच्या धक्क्याहून फार वेगळा दिसत नाही. घाम, कोरडे तोंड, हातापायांना मुंग्या. तसे झाले तर आधी कार्डिओग्राम काढा, हे पैशाचे टेन्शन आहे म्हणून छातीचे दुखणे अंगावर काढू नका.

आता दिवाळखोरीविषयी. अनेकांची समजूत असते की पाणी डोक्यावरून गेले तर हात वर करायचे, कोर्टात नादारीचा अर्ज टाकायचा आणि मोकळे व्हायचे. मी कायद्याचा माणूस नव्हे, पण रुग्णांसाठी हा विषय वकील स्नेह्यांकडून समजून घेतला, आणि जे कळले ते दिलासा देणारे नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली झाली. तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. आपल्या जिल्ह्यातल्या एकट्या मालकाच्या दुकानाला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो, आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. कायदा किती जुना, तर मूळ मजकुरात अर्जासाठी किमान देणे ५०० रुपयांचे धरले आहे! या कायद्याने सावकार आणि व्यापारी यांचा तगादा थांबू शकतो. पण मालमत्तेच्या वाटणीत सरकारी देणे पहिल्या पंगतीला बसते, आणि सगळे सोपस्कार होऊन नादार माणूस ऋणमुक्त झाला तरी सरकारचे देणे त्यातून सुटत नाही. म्हणजे ज्या थकबाकीपायी माणूस बुडाला तीच दिवाळे काढूनही गळ्यात राहते.

इंग्लंडात सामान्यपणे एका वर्षात दिवाळखोर मोकळा होतो आणि कराचे जुने देणेही त्यात निघते. आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाने केलेला कायदा आम्ही जपून ठेवला आणि साहेबाने आपल्या घरचा बदलला. प्रामाणिक दुकानदाराला, हिशेब तपासून, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करू देणारी तरतूद इथे हवी, असे माझे मत आहे आणि ते मी डॉक्टर म्हणूनच मांडतो. सुटकेची तारीख असलेले संकट माणूस सोसतो. ज्याला शेवटच नाही ते शरीर पोखरते.

सरकारने अधूनमधून अभय योजना काढल्या हे खरे. महाराष्ट्राच्या २०२३ च्या योजनेत, वस्तू व सेवा कराच्या आधीच्या जुन्या करांपैकी दोन लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली, आणि ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीला २० टक्के भरून सुटका होती. नव्या करातही २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या, फसवणुकीचा आरोप नसलेल्या मागण्यांवर, ३१ मार्च २०२५ पर्यंत मूळ कर भरणाऱ्यांचे व्याज आणि शास्ती माफ झाली. दोन्ही दारे आता बंद आहेत. ती उघडी असताना कितीजण भीतीने पाकीट न फोडता बसून राहिले असतील, या विचाराने मला वाईट वाटते. पुढे नवी योजना निघाली तर ती लागू पडते का, एवढे विचारायला तरी कागद माहीत असायला हवेत.

म्हणून झोपेची गोळी मागणाऱ्याला मी आधी एक काम सांगतो. सगळी पाकिटे एका पिशवीत भरायची, पोर्टलवर काय काय चढले आहे ते कुणाकडून तरी छापून घ्यायचे, आणि एका वहीत वर्ष, रक्कम व शेवटची तारीख लिहून काढायची. एकट्याने करू नये, शेजारी कुणीतरी बसवावे. बहुतेकदा या वहीतला आकडा मनातल्या आकड्यापेक्षा लहान निघतो. मोठा निघाला तरी तो आकडा असतो, भूत नसते. ही वही घेऊन जाणत्या कर सल्लागाराकडे जावे. आदेशाविरुद्ध पहिले अपील तीन महिन्यांत करता येते, त्यासाठी वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. तारीख हुकली की चांगली बाजूही वाया जाते. वाद नसेल तर हप्ते मागता येतात, आयुक्त जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते देऊ शकतात, मात्र व्याज चालूच राहते आणि एक हप्ता चुकला की सगळी रक्कम एकदम मागता येते. आपणच विवरणपत्रात कबूल केलेल्या कराला ही सवलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मोफत सल्ला मिळतो आणि स्त्रियांना तर उत्पन्न न पाहता मिळतो.

एक काम मात्र करू नका. घर किंवा बाग घाईघाईने मेहुण्याच्या नावावर करणे. असा व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो, आणि प्रामाणिक माणसावर त्या एका खरेदीखताने लबाडीचा शिक्का बसतो. सावकाराकडून तीन टक्के महिन्याने पैसे उचलून १८ टक्के वर्षाचे देणे फेडणे हाही आगीतून फुफाट्यात जाण्याचाच प्रकार.

घरच्या मंडळींशी दोन शब्द. बहुतेक बायकांना नवऱ्याने सांगायच्या आधीच काहीतरी बिनसल्याचे कळलेले असते. जेवण अर्धे राहते, फोन वाजला की तो अंगणात जातो, संध्याकाळी वासाने घरी आल्याचे समजते. (गोवा इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथली बाटली स्वस्त, ही आमच्या भागाची वेगळी आपत्ती.) तेव्हा "माका आधी कित्याक सांगूक नाय?" हा प्रश्न निदान पहिल्या रात्री गिळावा. तो खरा असतो, पण त्या रात्री त्याचा उपयोग नसतो. मुलांनाही त्यांच्या वयाला समजेल एवढे सांगावे. जप्तीचा कागद दारावर लागल्यावर शाळेतल्या पोरांकडून कळण्यापेक्षा ते बरे.

आणि तो "मी नसलेलो बरो" अशा अर्थाचे काही बोलला, वस्तू वाटू लागला, हिशेब आवरू लागला, तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. माणूस गेल्याने थकबाकी जात नाही, हेही स्पष्ट सांगतो. ती मागे राहिलेल्या मालमत्तेवर तशीच राहते, आणि कागदपत्रांतले खाचखळगे माहीत असलेला एकटा माणूस मात्र घरातून नाहीसा झालेला असतो.

भगवानदादांचे उदाहरण मी रुग्णांना देतो. त्यांचे नुकसान करात नव्हे, चित्रपटात झाले. १९५१ च्या 'अलबेला'ने मिळवून दिलेले पुढच्या चित्रपटांत गेले, जुहूचा बंगला आणि मोटारी गेल्या, आणि ते दादरच्या चाळीत राहायला आले. मिळतील त्या लहान भूमिका करत राहिले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर सार्वजनिक गणपतीपुढे त्यांच्याच ढंगात नाचणारी दुसरी-तिसरी पिढी उभी होती. बंगला गेला तो गेलाच, तो परत आला नाही. हेही मी लपवत नाही.

शेवटी माझ्या खात्यातली गोष्ट. पैशाची ओढ लागली की घरात पहिली बंद होते ती रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी, कारण तिच्यावाचून त्या दिवशी काही अडत नाही. चिंतेने रक्तदाब आणि साखर दोन्ही आधीच चढलेली असतात, आणि नेमकी तेव्हाच गोळी थांबते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खाजगी दवाखान्याची फी परवडत नसेल तर माझ्याकडे येणे बंद करा, काही वाटून घेऊ नका, पण शिरोड्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन महिन्याच्या गोळ्या आणा. जाताना चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर न्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना मात्रा कळेल.